पाटीवर न मावलेली लू

वसंतभैया,

श्मशानात लाकडं लवकर पेट घेत नव्हती. धुकं इतकं दाट की चितेच्या पलीकडे उभी असलेली माणसं कोण ते ओळखू येईना. माझ्या शेजारी तुमच्या गल्लीतले एक कापड दुकानदार हात चोळत उभे होते. ते म्हणाले, "मौसम बहुत खराब है आज।" आणि मी सवयीने तुमचा चेहरा बघायला मान वळवली. एवढी वर्षं समोरासमोर बसल्यावर मानेला दुसरं काही ठाऊकच नसतं. मग लक्षात आलं की तुम्ही त्या ओल्या लाकडांखाली आहात.

मला खरं तर तिथे कोणी अपेक्षेत धरलं नव्हतं. तुमच्या घरात बायका श्मशानात जात नाहीत. पण भाभींनीच दारात माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "तू जा, सुलभा. घरचे सगळे आहेत, पण ऑफिसचं कोणीतरी पाहिजे ना त्यांना. अर्धी उमर तुझ्याशी भांडण्यात गेली त्यांची." रडता रडता बोलल्या हे. म्हणून गेले. आता तेरावं होऊन दोन दिवस झालेत आणि मी लिहायला बसले आहे, कारण त्या भांडणांतलं एक अजून संपलेलं नाही.

अकोल्याहून लग्न करून मी झाशीला आले आणि कारखान्याच्या हिंदी विभागात कनिष्ठ अनुवादक म्हणून लागले. तुम्ही वरिष्ठ. दोन मराठी माणसं इंग्रजीचं हिंदी करून पगार घेतात, यावर माझा भाऊ अजूनही हसतो. पहिल्या दिवशी तुम्ही चष्म्यावरून बघत विचारलंत, "तू आपल्यातली का? मग बैस की. चाय येतेय." मला हसू आलं होतं. माझ्या चेहऱ्यावरून ते तुम्हाला कळलं आणि तुम्ही लगेच ऐकवलंत, "हसू नकोस. आमचं मराठी पेशव्यांबरोबर आलं आणि जसं आलं तसंच ठेवलं आम्ही. तुम्ही लोकांनी तिकडे मागून त्याचं काय काय केलंत ते भगवान जाने." एका वाक्यात 'परंतु' आणि 'जल्दी' दोन्ही घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझा मुलगा मराठी समजतो, बोलत नाही. त्याच्याशी बोलताना मी आता तुमच्यासारखीच बोलते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

कारखान्याच्या फाटकाशी तो काळा फळा होता. रोज एक इंग्रजी शब्द, खाली त्याचा हिंदी अर्थ, खाली एक वाक्य. वर कायमचं रंगवलेलं, 'आज का शब्द'. सगळ्याच सरकारी ठिकाणी असतो तसा फळा आणि सगळीकडे त्यावर महिना महिना एकच शब्द धूळ खात असतो. तुमचा मात्र रोज बदलायचा. भोंगा व्हायच्या आधी तुम्ही खडू घेऊन हजर. शब्द शब्दकोशातून उचलायचा नाही, आदल्या दिवशीच्या फायलीतला घ्यायचा, हा तुमचा हट्ट. आत येणारे फिटर, वेल्डर सायकल धरून थांबायचे. "भैयाजी, आज का तो बहुत भारी है," असं कोणी म्हटलं की तुम्ही खूश. त्याला थांबवून अर्थ सांगायचात, मागून मोटारसायकलींचे हॉर्न वाजेपर्यंत.

'इन्क्लेमेंट' हा शब्द तुम्ही त्या फळ्यावर लिहिलात तो दिवस मला आठवतो. सुरक्षा विभागाकडून नियमांची इंग्रजी पुस्तिका आमच्याकडे आली होती. त्यात एक नियम होता की 'इन्क्लेमेंट वेदर' असेल तेव्हा उघड्या यार्डातलं काम पाळी-प्रमुखाने थांबवावं. तुम्ही दोन दिवस त्या एका विशेषणावर अडून बसलात. शब्दकोश म्हणत होता: थंड, ओलं, वादळी हवामान. तुम्ही त्याच्या मागे गेलात, लॅटिनपर्यंत. फाशीच्या कैद्यासाठी दयेचा अर्ज करतात ना, त्या दयेचं जे इंग्रजी नाव, क्लेमन्सी, त्याच घरातला हा शब्द. मूळ अर्थ, ज्याच्यात दया नाही असा. माणसाबद्दल म्हणायचे पूर्वी, राजाबद्दल, न्यायाधीशाबद्दल. मग वापर आकसत आकसत एकट्या हवामानापाशी येऊन थांबला, आणि हवामानातही पाऊस, बर्फ, वारा एवढ्यापुरता. "बघ," तुम्ही म्हणालात, "जिथे हा शब्द वाढला तिथे ऊन पडलं की लोक बाहेर जेवायला बसतात. त्यांना काय ठाऊक निर्दय ऊन कसं असतं ते."

झाशीत उलटं. इथे आभाळ भरून आलं की माणसं छतावर जाऊन म्हणतात, "क्या मौसम है!" ढग म्हणजे चांगलं हवामान. जेठातल्या नवतप्याचे ते नऊ दिवस आभाळ निळंशार असतं, एक ढग सापडणार नाही, आणि दुपारी लू सुटते. तो भाजणारा वारा अंगावर आला की पापण्यासुद्धा मिटवत नाहीत. त्या दिवसांना मात्र 'मौसम खराब' असं कोणी म्हणत नाही. गर्मी म्हणतात आणि कामाला जातात.

म्हणून तुम्ही कच्च्या कागदावर पेन्सिलने लिहिलंत: 'प्रतिकूल मौसम, जैसे लू, भीषण गर्मी, आँधी, ओला, वर्षा।' लू सगळ्यांत पुढे, गारा आणि पाऊस शेवटी.

मी वाचलं आणि नाक मुरडलं. "मूळ मजकुरात लू कुठे आहे?"

"मूळ ज्यांनी लिहिलं त्यांनी झाशी पाहिली नव्हती."

"तुम्हीच शिकवलंत ना मला? मुळात नाही ते घालायचं नाही, आहे ते सोडायचं नाही. पहिल्याच आठवड्यात शिकवलंत."

तुम्ही हसलात. हरल्यावर हसायचात तसं. "बडी आयी वकील! उद्या बघू," म्हणालात आणि कागद फायलीत सरकवलात. दुसऱ्या दिवसापासून तुमची रजा होती, धाकट्या मुलीच्या लग्नाची. तो उद्या काही आला नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तरी मी एकदा तरी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही. म्हणून आता सांगते. तुम्ही रजेवर असताना सुरक्षा विभागाला यार्डातल्या पाट्या घाईने हव्या होत्या. कोणीतरी मोठा तपासणीला येणार होता. पेंटर टिनाचे पत्रे घेऊन आमच्या दारात येऊन बसला. त्याने तुमचा कागद बघून सरळ सांगितलं, "मैडम, इतना नहीं आएगा। चार लाइन में कर दीजिए, नहीं तो अक्षर बारीक हो जाएँगे।" मी पेन उघडलं. 'प्रतिकूल' कोणाला कळतोय, म्हणून 'खराब' केलं. 'जैसे'च्या पुढचं सगळं कापलं. मुळात नव्हतंच ते. मला तर मी फार शिस्तीची अनुवादक आहे असं वाटत होतं त्या क्षणी. 'खराब मौसम में खुले में काम रोक दिया जाए।' छान चार ओळींत बसलं. मी स्वच्छ प्रत केली, तुमचा कच्चा कागद रीतीप्रमाणे मागे टाचला. तुम्ही लग्नाहून परत आलात तेव्हा टेबलावर वीतभर ढीग होता. तुम्ही मला लाडू दिलात आणि एकेक प्रत उलटत सह्या करत गेलात. माझ्या हातची प्रत तुम्ही कधी वाचायचा नाहीत.

का वाचायचा नाहीत, भैया? मला कितीदा तरी तुमच्यावर याचाच राग आला आहे. चूक माझी, पण तुम्ही एकदा डोळ्यांखालून घातली असती तर? विश्वास ठेवणारी माणसं समोरच्यावर किती ओझं टाकतात, हे त्यांना कळत नाही. मी हे लिहिताना रडते आहे आणि तरी रागावलेलीच आहे.

पाट्या लागल्या. चार उन्हाळे गेले. पाचव्या उन्हाळ्यात, नवतप्यात, हरदास गेला.

ठेकेदाराचा माणूस. उघड्या यार्डातल्या क्रेनच्या लोखंडी पुलाला रंग द्यायचं काम चालू होतं. पारा किती होता ते सांगत नाही, त्या दिवसांत जो तो वेगळा आकडा सांगायचा. दुपारी दोनच्या सुमाराला तो खाली उतरला, रंगाच्या पिंपाला टेकून बसला, गमछा डोळ्यांवर ओढला. बरोबरच्यांना वाटलं झोपला. चहाच्या वेळी उठवायला गेले तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं होतं आणि जीव गेलेला होता. ज्या खांबाला आमची पाटी ठोकली होती तो तिथून दहा पावलांवर. मी जाऊन मोजली आहेत.

चौकशी समिती बसली, तीन अधिकारी. पाळी-प्रमुख म्हणाला, मी पाटीप्रमाणे चाललो. पाटीवर 'खराब मौसम' लिहिलंय. त्या दिवशी आभाळ साफ होतं, मौसम खराब नव्हता. माणूस धडधडीत खरं बोलत होता, हेच त्यातलं भयंकर. मग समितीने हिंदी विभागाला फायलीसकट बोलावलं. भाषांतर बरोबर आहे का, आणि इन्क्लेमेंटमध्ये गर्मी येते का, हे सांगा म्हणाले.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला तुम्ही फाईल उघडलीत. मी समोर बसले होते. तुम्ही माझी प्रत पाहिलीत, मग मागचा तुमचा पेन्सिलीचा कागद. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझी प्रत वाचलीत. मला वाटलं आता तुम्ही मान वर कराल आणि काहीतरी म्हणाल. तुम्ही टाचणी काढलीत, तो कच्चा कागद बाहेर घेतलात, त्याचे दोन तुकडे केलेत, मग चार, आणि टोपलीत टाकलेत. म्हणालात, "प्रकाश कसा आहे आज?"

माझ्या नवऱ्याचं तेव्हा आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. घर माझ्या नोकरीवर उभं होतं. त्या कागदावरून मला कामावरून काढलं असतं की नुसतं समज देऊन सोडलं असतं, कोण जाणे. तुम्ही ते बघत बसला नाहीत. मी म्हटलं, "ठीक आहे." प्रकाशबद्दल म्हटलं. आभारसुद्धा मानले नाहीत, कारण आभार मानले असते तर काय झालं ते दोघांनाही म्हणावं लागलं असतं.

समितीपुढे तुम्ही उभे राहिलात आणि मी मागे बसले, मांडीवर फाईल. "यह अनुवाद किसका है?" "मेरा। हस्ताक्षर मेरे हैं।" सही तुमची होतीच, अक्षर माझं. मग त्यांनी शब्दकोश पुढे केला. थंड, ओलं, वादळी. इसमें गर्मी कहाँ है, वसंतजी? तुम्ही म्हणालात, "साहब, इस शब्द का पुराना मतलब है, जिसमें दया न हो। उस दिन यार्ड में दया थी क्या?" अध्यक्ष जरासे हसले. वाईट हसले नाहीत, म्हाताऱ्या माणसाला हसतात तसे. अहवालात लिहिलं की अनुवादकाचं मत भावनिक आहे, पाटीची भाषा पुरेशी स्पष्ट नाही, पाळी-प्रमुखाचा दोष नाही, आणि मृत्यू 'श्रमिक की अपनी अस्वस्थता से' झाला.

आता जे लिहिणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही. आख्ख्या कारखान्यात लू हा शब्द नियमाशेजारी लिहिलेला एकच कागद होता, तो तुमचा. त्यावरून दिसलं असतं की ऊन हे काम थांबवण्याचं कारण आहे असं या कारखान्यातल्या कोणाला तरी चार वर्षांपूर्वीच वाटलं होतं, आणि ते कापलं गेलं. हरदासच्या बाजूने बोलणारा तो एकुलता एक कागद तुम्ही माझ्यासाठी फाडलात. मी बघत बसले. तुम्ही मला वाचवलंत हे खरं. कोणाला बाजूला सारून वाचवलंत तेही खरं आहे. तुमच्या श्रद्धांजली सभेत सगळे म्हणाले की वसंतजींनी आयुष्यात एक कागद इकडचा तिकडे केला नाही. मी मान डोलावली.

तुम्हाला समजपत्र मिळालं. आणि फळा गेला. 'आज का शब्द' यापुढे सुलभाजी लिहितील, असा दोन ओळींचा आदेश निघाला. तेवढी शिक्षा त्यांना किरकोळ वाटली असेल. दुसऱ्या दिवशी तुम्ही खडूंचा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवलात आणि म्हणालात, "ओल्या फडक्याने पुसत जा, कोरड्याने धूळ उडते." मी पहिले काही दिवस लिहिलं. मग आठवड्याला एक. मग तोही महिना महिना तसाच राहू लागला. तुम्ही निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी त्याच्यासमोरून गेलात, कधी एक शब्द बोलला नाहीत.

बोलण्याचा विषय तेवढा एक सोडून सगळे होते आपल्याला. निवृत्तीनंतर रविवारी मी मानिक चौकात तुमच्याकडे यायची. बाजाराच्या गर्दीतून स्कूटी ढकलत येईपर्यंत जीव अर्धा व्हायचा, आणि तुम्ही ओट्यावर बसून वर विचारायचात, "आज देर केलीस?" प्रकाश गेला तेव्हा तेरा दिवस भाभींचा डबा आला. मुलाच्या इंग्रजीच्या परीक्षेच्या आधी तुम्ही त्याला महिनाभर घेऊन बसलात आणि त्याच्याकडून प्रत्येक विशेषणाचं वाक्य करून घेतलंत. तो आता बंगळुरूला आहे. तुमची बातमी कळली तेव्हा फोनवर त्याला मराठीत रडता येईना, हिंदीत रडला. एवढं तुम्ही माझं केलंत, आणि तरी तुमच्या घराची पायरी चढताना दर रविवारी मी एकदा मागे वळून स्कूटीकडे बघायची.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही तो विषय काढलात. एकदाच. भाभी आत पना करत होत्या. कैऱ्या उकडल्याचा वास येत होता. तुम्ही गल्लीकडे बघत म्हणालात, "सुलभा, लू मावली असती का गं त्या पाटीवर?"

मला सगळं कळलं. अकरा वर्षं तुम्ही मनात तो टिनाचा पत्रा पुन्हा पुन्हा रंगवत होतात. मी सांगायला हवं होतं की होय, भैया, मावली असती. दोन अक्षरांचीही जागा लागली नसती तिला. पेंटरला अक्षरं बारीक करायची नव्हती आणि मला माझी शिस्त दाखवायची होती. हात जोडायला हवे होते. मी म्हटलं, "भाभींना मदत करते," आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा तुम्ही वर्तमानपत्र उघडलं होतंत.

त्या दुपारीच सांगितलं असतं तर तुमचं थोडं ओझं उतरलं असतं का? की मी बोलावं म्हणूनच विचारलं होतंत? तुम्ही आता सांगणार नाही. मला तुमची फार आठवण येते आहे. कोणाशी भांडू?

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी सीपरी बाजारात गेले. हरदासची बायको, रामकली, तिथे भाजीचा ठेला लावते. तिथे असते हे मला पहिल्यापासून माहीत होतं. मी राहते तिथून सगळ्यांत जवळचा ठेला तिचाच. तरी अकरा वर्षं मी भाजी पार पलीकडच्या चौकातून आणत आले. काल तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. धुकं निवळलं होतं, ग्राहक कमी होते. तिने मटारच्या ढिगावर हात ठेवून विचारलं, "कित्ते दें, बाई?"

मी सांगितलं. हिंदीत, उभ्या उभ्या, शाळेतल्या मुलीसारखं. कारखान्यातली आहे. यार्डात पाटी होती. त्यावर लू लिहिणार होते, मी काढलं. ज्यांनी लिहिलं होतं ते वसंतजी आता वारले. त्यांनी तो कागद फाडला, माझ्यासाठी फाडला. तुमचं नाव मी घेतलं, भैया. रागवायचं असेल तर रागवा. अर्धं खरं सांगून तिच्यासमोर उभं राहवेना.

ती ऐकत होती. एका ग्राहकाला मध्येच तिने अर्धा किलो तोलून दिलं. मग मला म्हणाली, "कौन सी पाटी? बे तौ पढ़े नईं हते, बाई। ठेकेदार ने कई चढ़ जाओ, सो चढ़ गए।"

मला क्षणभर एकदम हलकं वाटलं. तो वाचूच शकत नव्हता. प्रतिकूल काय, खराब काय, लू काय, त्याला सगळं सारखंच होतं. आणि लगेच माझी मला शिसारी आली. पाटी त्याच्यासाठी नव्हतीच. ज्याने काम थांबवायचं होतं त्याला चांगलं वाचता येत होतं, आणि त्याने वाचलं होतं. हेही मी तिला सांगितलं. तिने ढिगातली एक शेंग उचलून परत ठेवली.

"दारू की बात काए कई उन्ने?" तिने विचारलं. "गाँव में सबरे जेई कत कै पियें हते। मोड़ी की ससुराल में सोई कत।"

तो पिऊन होता असं गावभर, लेकीच्या सासरीसुद्धा. अहवालात दारू लिहिलेली नव्हती. नुसतं 'अपनी अस्वस्थता' लिहिलं की माणसं बाकीचं स्वतः भरतात. आणि डिस्पेन्सरीच्या डॉक्टरची चिठ्ठी त्या फायलीत होती, दारू प्यायलेला नव्हता असं साफ लिहिलेली. अहवालात तिचा उल्लेख आला नाही. फाईल माझ्या मांडीवर होती, भैया. मी ती चिठ्ठी वाचली होती. अकरा वर्षं हिला एवढं येऊन सांगायला कोणत्याही समितीची परवानगी लागत नव्हती.

मी म्हटलं, त्यांनी प्यायली नव्हती, डॉक्टरने तसं लिहिलंय, मी पाहिलंय.

तिने तराजू खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम तौ लिखबे वारीं हौ। लिख दो।"

"मेरे लिखने से कुछ नहीं होगा। मोहर नहीं है। कारखाना नहीं मानेगा।"

"कारखाने खों को दिखा रओ? घर में धरने।"

कारखान्याला दाखवायचाच नव्हता तो कागद, घरात ठेवायचा होता. तिने भाजीचा रिकामा क्रेट उलटा करून दिला. मी बसले, पर्समधून डायरी काढली आणि पेन उघडलं. आणि भैया, आयुष्यभराची खोड, पेन थांबलं. भीषण? प्रचंड? प्रतिकूल? मी मान वर केली तर ती वाट बघत होती. मग मी एकही विशेषण घातलं नाही. लिहिलं: 'हरदास ने उस दिन शराब नहीं पी थी। वे लू लगने से मरे। उस दिन काम रुकना चाहिए था, नहीं रोका गया। पाटी से लू का नाम मैंने हटाया था।' खाली सही केली, पूर्ण नाव, पद, कारखान्याचं नाव. पान फाडून तिला दिलं.

तिने ते दोन्ही हातांत धरलं, उलटसुलट करून पाहिलं आणि मला परत दिलं. "बाँचो।"

मी वाचलं.

"एक बेर और बाँचो।"

मी पुन्हा वाचलं. शराब नहीं पी थी इथे तिने डोळे मिटले. मग पदर सारखा करून तिने पलीकडच्या ठेल्यावरच्या बाईला हाक मारली, "काए री, इतै आ। सुन।" ती बाई हात पुसत आली. तिच्या मागे अजून एक आली. रामकलीने माझ्या खांद्याला हात लावला, आणि मी तिसऱ्यांदा वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.